लहान मालवाहू विमान कंपनीतील वैमानिकाची नोकरी: होकार देण्यापूर्वी काय पाहावे

तुमच्या प्रश्नातील परिस्थिती थोडक्यात अशी आहे. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हाती आहे, लॉगबुकात ३१० तास आहेत, प्रवासी कंपन्यांची भरती लांबते आहे आणि एका लहान प्रादेशिक मालवाहू कंपनीने एका इंजिनाच्या टर्बोप्रॉपवर (टर्बाइन इंजिनाने पुढचा पंखा फिरवणाऱ्या विमानावर) सहवैमानिक म्हणून दोन वर्षांच्या करारासह जागा देऊ केली आहे. हे काम प्रत्यक्षात कसे असते आणि ते स्वीकारल्यास पुढे प्रवासी विमानांचे दार बंद होते काय, असे तुम्ही विचारले आहे. मी अशा कंपन्यांत चौदा वर्षे काढली. त्यांतील पहिली सहा एका इंजिनाच्या विमानावर गेली, पुढची आठ दोन इंजिनांच्या आणि दोन वैमानिकांच्या विमानावर, आणि शेवटी शेवटी नव्या वैमानिकांना प्रत्यक्ष मार्गावर तयार करण्याचे कामही माझ्याकडे होते. दाराच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते नंतर घेतो. कामाचे स्वरूप सांगायला मात्र अधिक जागा लागेल, कारण बाहेरून पाहणाऱ्याला त्यातले उड्डाण तेवढे दिसते, आणि उड्डाण हा या नोकरीचा सर्वांत लहान व बहुतेक दिवशी सर्वांत सोपा भाग असतो.

आधी दिवसाची रचना लक्षात घ्या. पार्सल व्यवसायात मोठी विमाने रात्री मुख्य केंद्रावर माल आणतात, तेथे पहाटेपर्यंत त्याची वर्गवारी होते, आणि ज्या गावांना मोठे विमान पाठवणे परवडत नाही त्यांचा वाटा लहान विमानांत भरला जातो. म्हणून लहान विमानाचा वैमानिक पहाटे पाच-साडेपाचला निघतो, तासाभरात बाहेरच्या तळावर पोहोचतो, तेथे उभ्या असलेल्या गाड्यांत माल उतरवला जातो आणि सात वाजेपर्यंत त्याचे सकाळचे काम संपलेले असते. संध्याकाळी त्याच गाड्या गोळा केलेला माल घेऊन येतात व सहा-साडेसहाला परतीचे उड्डाण होते. मधले दहा-अकरा तास वैमानिक त्या गावात असतो, ना घरी ना कामावर. दोन उड्डाणे मिळून दोन-अडीच तासांची, आणि ती पार पाडण्यासाठी बांधलेला दिवस मात्र चौदा तासांचा. या मधल्या तासांचे तुम्ही काय करता यावर तुमची संध्याकाळची लँडिंग किती सुरक्षित होणार हे बऱ्याच अंशी ठरते. त्याकडे पुढे पुन्हा येतो.

या कामातील सर्वांत परिचित विमान म्हणजे सेस्ना कॅराव्हॅन. त्याचे पहिले उड्डाण १९८२ मध्ये झाले आणि त्याची मालवाहू आवृत्ती फेडरल एक्स्प्रेस या पार्सल कंपनीच्या गरजेप्रमाणे घडवली गेली. एक इंजिन, वर बसवलेले पंख, न मिटणारी चाके, पोटाखाली मालाची पेटी आणि कमाल उड्डाण वजन सुमारे ४ टन, असा हा साधा आणि दणकट प्रकार आहे. अलीकडे दोन इंजिनांचे स्कायकुरियर २०२२ पासून सेवेत आले आहे, आणि त्याहून मोठ्या कामासाठी कारखान्यातूनच मालवाहू म्हणून तयार झालेले एटीआर ७२-६०० हे विमान २०२० च्या डिसेंबरात पहिल्या ग्राहकाच्या ताब्यात गेले. याशिवाय प्रवासी सेवेतून निवृत्त झालेली, खुर्च्या काढून मालासाठी वापरली जाणारी जुनी टर्बोप्रॉप जगभर आहेत, आणि लहान कंपनीत तुमची गाठ बहुधा त्यांच्याशीच पडेल.

कॅराव्हॅनसारख्या विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखला जात नाही, म्हणून ते साधारणपणे दहा हजार फुटांच्या आसपासच उडवले जाते. जेट विमान हवामानाच्या वर चढून जाते आणि त्यातून केवळ चढताना व उतरताना जाते. तुम्ही मात्र संपूर्ण प्रवास हवामानाच्या आतच करता. ढग, पाऊस, पंखांवर साठणारा बर्फ, डोंगरांवरून येणारी उलटसुलट हवा हे सारे ज्या उंचीवर असते, नेमक्या त्याच उंचीवर तुम्हाला तासभर राहायचे असते, आणि तेही बहुधा अंधारात. प्रशिक्षणात शिकलेले उपकरणांवरचे उड्डाण, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना केवळ उपकरणे पाहून केलेले उड्डाण, येथे सहा महिन्यांत अंगवळणी पडते. हा या नोकरीचा खरा लाभ आहे आणि तो दुसरीकडे इतक्या लवकर मिळत नाही.

आता जमिनीवरच्या कामाबद्दल, कारण नवे वैमानिक येथेच गाफील राहतात. प्रवासी कंपनीत वजनाचा हिशेब, इंधन, हवामानाची माहिती, माल चढवणे आणि विमानाची देखरेख यांसाठी वेगवेगळी माणसे असतात. लहान मालवाहू कंपनीच्या बाहेरच्या तळावर पहाटे किंवा संध्याकाळी कंपनी म्हणून जे काही असते ते म्हणजे तुम्ही, आणि फार तर एक गाडीचालक. माल कोणत्या कप्प्यात किती ठेवायचा, जाळी कुठे अडकवायची, पट्टे किती ताणायचे हे तुमच्या देखरेखीखाली होते, आणि लोडशीटवर, म्हणजे मालाच्या वजनाच्या व मांडणीच्या तक्त्यावर, सही तुमची असते. कॅराव्हॅनचे मालाचे दार मागच्या बाजूला असल्यामुळे घाईत माल चढवणारा माणूस जड खोकी दाराजवळच टेकवतो. शेपटीखाली टेकू लावला नसेल तर विमान जमिनीवरच मागे कलंडू शकते. ते बिचारे तेथेच कलंडले तर नशीब समजावे, कारण अडचण खरी तेव्हा होते जेव्हा ते जमिनीवर कलंडत नाही आणि गुरुत्वमध्य मर्यादेच्या मागे घेऊन धावपट्टीवरून उठते.

माझ्या दुसऱ्या वर्षातील एका संध्याकाळी नेहमीचा गाडीचालक रजेवर होता. नव्या माणसाने माल चढवून ठेवला होता, सूची हातात दिली, बेरीज बरोबर होती. विमानाभोवती फेरी मारताना पुढच्या चाकाच्या दांड्याशी थांबलो. त्या दांड्याचा चकचकीत भाग भरलेल्या विमानात एरवी चार बोटे दिसायचा, तो त्या दिवशी जवळजवळ वीतभर बाहेर आला होता. नाक हलके होते, म्हणजे शेपूट जड होते. मागचा कप्पा उघडून पाहिला तर छापील पुस्तिकांची बारा खोकी एकावर एक रचलेली होती. सूचीत त्यांची एकच ओळ होती, १४ किलो. ते एका खोक्याचे वजन होते. बारा खोक्यांचे १६८ किलो होत होते, म्हणजे १५४ किलो माल कागदावर अस्तित्वातच नव्हता, आणि तो नेमका सर्वांत मागच्या कप्प्यात होता. सगळा माल उतरवून पुन्हा चढवायला चाळीस मिनिटे लागली आणि त्या वेळात केंद्रावरून तीन फोन आले. त्या संध्याकाळी जाळी आणि बेरीज एवढेच तपासून मी निघालो असतो तर काय झाले असते हे मला सांगता येणार नाही, पण १९९७ मध्ये मायामी येथे एक डीसी-८ मालविमान चुकीच्या भरणीमुळे उड्डाणानंतर लगेच कोसळले होते, आणि तेथेही गुरुत्वमध्य वैमानिकांना कागदावर दिसत होता त्याहून मागे होता. तेव्हापासून मी लोडशीट वाचण्याआधी चाकाचा दांडा पाहतो. तुम्हीही रिकाम्या, अर्ध्या भरलेल्या आणि पूर्ण भरलेल्या विमानाचा दांडा किती दिसतो हे पहिल्याच आठवड्यात मनात नोंदवून ठेवा. ही गोष्ट कोणत्याही पुस्तिकेत छापलेली नसते.

आकारमानाचाही एक मुद्दा आहे. पार्सले हलकी आणि फुगीर असतात, त्यामुळे बहुतेक दिवशी वजनाची मर्यादा येण्याआधी जागा संपते. याची सवय झाली की विमान भरलेले दिसले तरी वजन मर्यादेत असणारच, असे मन गृहीत धरू लागते. मग वर्षातून दोनदा यंत्रांचे सुटे भाग, कागद किंवा टाइल्स येतात आणि अर्धे रिकामे दिसणारे विमान वजनाच्या मर्यादेवर पोहोचलेले असते.

पंखांवरील बर्फाविषयी सविस्तर सांगतो. स्वच्छ, शांत, थंड पहाटे पंखाच्या वरच्या पृष्ठभागावर दव गोठून बसते. कॅराव्हॅनचे पंख डोक्याच्या वर असल्यामुळे तो पृष्ठभाग जमिनीवरून दिसतच नाही, आणि खालून टॉर्च मारला तर फक्त पंखाची खालची, कोरडी बाजू दिसते. पहिल्या हिवाळ्यात माझ्या कॅप्टनने मला शिडीवर चढवले, हातमोजा काढायला लावला आणि तळहात पंखावरून फिरवायला सांगितला. पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरसारखा लागला. डोळ्यांना तो फक्त किंचित मंद दिसत होता. अमेरिकेच्या हवाई प्रशासनाच्या मार्गदर्शक पत्रकांत असे म्हटले आहे की मध्यम किंवा जाड पॉलिश पेपरइतका खरखरीत थर पंखाची उचल ३० टक्क्यांपर्यंत कमी करू शकतो व अवरोध ४० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो. कॅराव्हॅनच्या बाबतीत बर्फामुळे झालेल्या अपघातांनंतर त्याच प्रशासनाने २००५ व २००६ मध्ये आदेश काढून पंख हाताने चाचपून पाहणे आणि बर्फाळ हवेत वेग १२० नॉट्सच्या (ताशी सुमारे २२० किलोमीटरच्या) खाली येऊ न देणे बंधनकारक केले. हवेत बर्फ साठू लागला की पंखांच्या पुढच्या कडा स्वच्छ ठेवण्याची यंत्रणा आपले काम करते, पण चाके, पोटाखालची पेटी यांवर बर्फ साठतच राहतो आणि वेगदर्शकाचा काटा हळूहळू मागे येऊ लागतो. काटा दहा नॉट्स मागे आला की निर्णय घ्यायचा, खाली उतरायचे किंवा मागे वळायचे, असा माझा स्वतःचा नियम होता. वीस नॉट्सची वाट पाहणारे सहकारीही मी पाहिले आहेत, आणि ते माझ्यापेक्षा कमी कुशल होते असे नाही. मी त्यांच्यापेक्षा अधिक घाबरट होतो, एवढेच म्हणता येईल.

मालाच्या प्रकारांबद्दल. धोकादायक मालाचे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नऊ वर्ग आहेत आणि त्यांतील बऱ्याच गोष्टी प्रवासी विमानात नेता येत नाहीत म्हणूनच मालविमानात येतात. विमानात असा माल काय आहे, किती आहे व कुठे ठेवला आहे याची लेखी सूचना उड्डाणापूर्वी वैमानिकाच्या हाती आलीच पाहिजे. ती केवळ सहीसाठी आलेला कागद समजू नका. लिथियम बॅटऱ्यांविषयी तर मुळीच नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ यूपीएस या पार्सल कंपनीचे बोइंग ७४७ मालविमान मालातील आगीमुळे पहिल्या इशाऱ्यापासून सुमारे अर्ध्या तासात कोसळले आणि दोन्ही वैमानिक मरण पावले. त्या मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या प्रमाणावर होत्या. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, म्हणजे त्या आता तुमच्याकडे येतात. धुराचा मुखवटा डोळे मिटून किती सेकंदांत चढवता येतो याचा सराव जमिनीवर करा आणि तो महिन्याकाठी पुन्हा करा. सहा महिन्यांतून एकदा होणाऱ्या परीक्षेपुरता केलेला सराव हातांच्या लक्षात राहत नाही.

ड्राय आइस हा दिसायला निरुपद्रवी माल आहे. औषधे व तपासणीचे नमुने त्यात येतात. तो वितळत नाही, थेट कार्बन डायऑक्साइड वायू बनतो, आणि हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे बंद केबिनमध्ये तळाशी साठतो. लहान केबिनमध्ये मालाचा आणि तुमचा श्वास एकच असतो. विनाकारण डोके दुखू लागले किंवा श्वास जलद होतो आहे असे वाटले तर आधी बाहेरची हवा आत घ्या, मग कारण शोधा. एकदिवसाच्या पिल्लांच्या पेट्यांचे उलट आहे. त्या भरल्या की केबिनमध्ये अखंड चिवचिव सुरू होते, वास तीन दिवस जात नाही, आणि त्यांच्यासाठी हवा खेळती ठेवावी लागते. अंड्यातल्या बलकाच्या शिल्लक अंशावर पिल्ले साधारण ७२ तास अन्नपाण्यावाचून काढू शकतात, म्हणून त्यांची वाहतूक शक्य होते. उशीर मात्र त्यांना मारतो.

उशिराचा सर्वांत कठीण हिशेब किरणोत्सारी औषधांचा असतो. कर्करोगाच्या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटांचा आहे. धुके आले आणि दोन तास थांबलात तर डबीतील औषध निम्म्याहून कमी उरते. रुग्ण उपाशी बसलेले असतात, तुम्हाला ते माहीत असते, आणि डबी तुमच्या मागे असते. (या डब्यांच्या लेबलवरील ट्रान्स्पोर्ट इंडेक्सच्या, म्हणजे बाहेर येणाऱ्या किरणोत्साराची तीव्रता दाखवणाऱ्या, आकड्यावरून वैमानिकापासून त्या किती अंतरावर ठेवायच्या हे ठरते. तो आकडा वाचायला शिका.) अशा मालाच्या दिवशी वैमानिक धुक्यात एक प्रयत्न जास्त करून पाहतो. मीही केला आहे, आणि तो करायला नको होता. माल कोणताही असो, ढगाची उंची आणि दृश्यमानता यांच्या मर्यादा त्याच राहतात. औषध उद्या पुन्हा बनवता येते.

थकव्याकडे येतो, कारण या नोकरीत माणसे बहुधा याच कारणाने सोडून जातात. पहाटे दोन ते सहा या काळात शरीराची सतर्कता नैसर्गिकरीत्या सर्वांत खाली असते. तुमचा दिवस त्याच काळात सुरू होतो. १८ ऑगस्ट १९९३ रोजी क्युबातील ग्वांतानामो बे येथे कोसळलेल्या डीसी-८ मालविमानाच्या चौकशीत अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने वैमानिकांच्या थकव्याला अपघाताच्या संभाव्य कारणांत स्थान दिले, आणि असे पहिल्यांदाच घडले. तरीही त्या देशात जानेवारी २०१४ पासून लागू झालेले कामाच्या व विश्रांतीच्या तासांचे नवे नियम प्रवासी वाहतुकीपुरते ठेवले गेले आणि मालवाहतुकीला त्यांतून वगळण्यात आले. मालविमान चालवणाऱ्याच्या शरीराला वेगळी झोप पुरते असे या नियमांच्या कर्त्यांना वाटत असावे. तुमच्या देशात मालवाहतुकीला कोणते नियम लागू आहेत हे स्वतः वाचा. कंपनीच्या माणसाने तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नका.

मधल्या दहा तासांत झोप येत नाही, ही सगळ्यांची पहिली तक्रार असते. पहिले काही महिने मी त्या वेळात वाचत, फिरत, फोनवर बोलत असे आणि संध्याकाळी ताजातवाना आहे असे स्वतःला सांगत असे. एका संध्याकाळी उतरून धावपट्टी सोडली आणि उतरण्याची परवानगी मला मिळाली होती की नाही हे आठवेना. टॉवरला विचारले. मिळाली होती, आणि मी ती नीट परतही उच्चारली होती. ध्वनिफितीवर माझा आवाज होता, मनात मात्र त्याची खूण नव्हती. त्यानंतर मी दिवसाकडे रात्रीसारखे पाहू लागलो. सकाळी पोहोचल्यावर हलके खाऊन नऊच्या आत अंथरुणावर, खिडकीला काळा पडदा, फोन दुसऱ्या खोलीत, आणि झोप आली नाही तरी दुपारपर्यंत पडून राहायचे. निघण्याआधी पुन्हा डुलकी घ्यायची तर वीस-पंचवीस मिनिटांचीच, कारण त्याहून लांब झोपेतून अर्धवट उठले की डोके बराच वेळ जड राहते. दोन वैमानिकांच्या विमानात, कंपनीची नियमावली परवानगी देत असेल तर, आळीपाळीने ठरवून घेतलेली विश्रांती उपयोगी पडते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नासाच्या अभ्यासात लांब पल्ल्याच्या वैमानिकांना ४० मिनिटे दिली तेव्हा ते सरासरी २६ मिनिटे झोपले, आणि उतरण्याच्या वेळी न झोपलेल्यांपेक्षा त्यांची सतर्कता स्पष्टपणे चांगली होती. तासाभराच्या फेरीत याला जागा नसते आणि एकट्या वैमानिकाला तर प्रश्नच नाही. घरी गेल्यावर सुटीच्या दिवशी सर्वांबरोबर रात्री जागण्याचा मोह होतो. कुटुंबाला हे आधीच नीट समजावून सांगा, अन्यथा तिसऱ्या महिन्यात वाद होतात.

एकट्याने उडवणे आणि दोघांनी उडवणे यांत तुम्हाला वाटते त्यापेक्षा मोठा फरक आहे. एकटा वैमानिक सगळे स्वतःशी करतो, त्याला बोलण्याची गरज नसते, आणि ही सवय दोघांच्या विमानात घातक ठरते. ८ जानेवारी २०१६ रोजी ऑस्लोहून ट्रॉम्सोला टपाल घेऊन निघालेले वेस्ट एअर स्वीडनचे सीआरजे-२०० हे मालविमान रात्रीच्या अंधारात कोसळले. कॅप्टनच्या समोरच्या पडद्यावर नाकाच्या चढाचा खोटा आकडा दिसू लागला, त्याने त्याला प्रतिसाद दिला, आणि दोघांच्या पडद्यांवर वेगळे चित्र आहे हे दोघांमध्ये शब्दांत स्पष्ट होण्याआधीच विमान हाताबाहेर गेले. चौकशी अहवालाने अशा प्रसंगी वापरायच्या ठरावीक, एकसमान शब्दांच्या अभावावर बोट ठेवले. म्हणून सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत बसायला मिळते आहे तर मोठ्याने बोलण्याची शिस्त तेथेच लावून घ्या, कॅप्टन कंटाळला तरी.

आता दाराचा प्रश्न. दार बंद होत नाही. प्रवासी कंपन्यांचे निवड अधिकारी मालवाहू वैमानिकाच्या हाताची आणि हवामानातील निर्णयाची कदर करतात. त्यांची शंका वेगळी असते, आणि ती रास्त आहे: हा माणूस सहकाऱ्याला काम वाटून देईल का, की सगळी बटणे स्वतःच दाबेल? सिम्युलेटर परीक्षेत मालवाहू वैमानिक नापास होतात ते बहुधा याच कारणाने. तुमच्या बाबतीत अधिक काळजी तासांच्या मोजणीची आहे. विमान कंपनीत कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या वरिष्ठ परवान्याला आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान १,५०० तास लागतात, युरोपात त्यांतील ५०० तास दोन वैमानिकांच्या कामकाजातील असावे लागतात, आणि अमेरिकेत लहान मालविमान उपकरणांवर एकट्याने उडवण्यासाठी १,२०० तासांची अट आहे. तुम्हाला देऊ केलेले विमान एका वैमानिकाने चालवण्यासाठी प्रमाणित आहे. नियमाने दुसरा वैमानिक आवश्यकच नसेल, तर उजव्या खुर्चीतील तुमचे तास परवान्यासाठी धरले जातीलच असे नाही. कंपनी ते लॉगबुकात लिहू देईल, सहीही करेल, आणि दोन वर्षांनी परवाना देणारा विभाग ते कापून टाकेल, हे मी दोन तरुणांच्या बाबतीत घडताना पाहिले आहे. कराराच्या कागदावर सही करण्यापूर्वी हे तास कोणत्या नियमाखाली मोजले जातील हे आपल्या देशाच्या हवाई प्राधिकरणाकडून लेखी घ्या. उत्तर समाधानकारक नसेल तर बाकीचे सगळे चांगले असूनही मी ही जागा घेणार नाही. उत्तर समाधानकारक असेल तर घ्या, रिकामे बसून राहू नका. मात्र प्रशिक्षणाच्या खर्चापोटी दोन वर्षांचा करार हा ठीक आहे, प्रशिक्षणासाठी आगाऊ पैसे मागितले जात असतील तर नाही. करारात कंपनीने काढून टाकल्यास किंवा मार्ग बंद झाल्यास रक्कम भरावी लागणार नाही असे स्पष्ट शब्द आहेत का तेही पाहा.

मुलाखतीच्या वेळी तुम्हालाही प्रश्न विचारता येतात, आणि त्यावरून कंपनी कळते. गेल्या हिवाळ्यात हवामानामुळे किती फेऱ्या रद्द झाल्या असे विचारा. "एकही नाही" हे उत्तर अभिमानाने मिळाले तर तो इशारा समजा. विमानाची तांत्रिक नोंदवही पाहायला मागा, पुढे ढकललेल्या दुरुस्त्या किती आणि किती जुन्या आहेत ते वाचा, आणि बाहेरच्या तळावर लक्षात आलेले बिघाड लिहिले जातात की नेहमी नेमके घरी परतल्यावरच "सापडतात" हे तारखा पाहून ओळखा. मार्ग ठरलेले असतात की दर आठवड्याला पहाट आणि रात्र अदलाबदल होते, तेही विचारा. कायमची पहाट सोसते, अदलाबदल सोसत नाही.

आणि बाहेरच्या तळावर शिडी कुठे ठेवलेली असते हे विचारा. मी ज्या पहिल्या कंपनीत होतो तेथे एका तळावरची शिडी गोदामात कुलूपबंद असे आणि किल्लीवाला सात वाजता येई. माझा एक मार्ग तेथूनच पहाटे साडेपाचला निघायचा होता. गोठवणाऱ्या एका पहाटे मी त्याची वाट पाहत थांबलो, शिडी मिळाल्यावर पंख चाचपले, त्यावर थर होता, तो काढून सात वाजून दहा मिनिटांनी निघालो. महिन्याच्या अहवालात तो विलंब "वैमानिकामुळे" या रकान्यात लिहिला गेला. मी दुरुस्तीची विनंती केली, ती नाकारली गेली, आणि वर्ष संपण्याआधी मी दुसरी कंपनी शोधली. नव्या कंपनीत शिडी घडीची होती आणि विमानातच, दाराच्या आत उजवीकडे, पट्ट्याने बांधलेली होती.